वैद्यकीय शिक्षण आणि सैन्यातला जोडीदार : सीट कुठली घ्यावी, रजा कधी मागावी?

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एम.बी.बी.एस.च्या शेवटच्या टप्प्यात आहे आणि माझा नवरा पायदळात कॅप्टन आहे. त्याचे युनिट सध्या जम्मूकडे फील्डमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष तैनातीच्या भागात, असल्यामुळे कुटुंबाला सोबत राहता येत नाही. या विषयावर मराठीत जे वाचायला मिळते ते बहुतेक ‘सैनिकपत्नीचा त्याग’ या एकाच सुरात लिहिलेले असते. तो सूर खोटा नाही, पण माझ्यापुढचे प्रश्न त्याने सुटत नाहीत. म्हणून ज्यांनी हे प्रत्यक्ष निभावले आहे त्यांच्याशी नीट, सविस्तर बोलावे या हेतूने हा धागा काढते आहे.

आमची अडचण वेळापत्रकाची आहे, आणि दोन्ही वेळापत्रके आमच्या हातात नाहीत. त्याला वर्षाला 60 दिवसांची वार्षिक आणि 20 दिवसांची नैमित्तिक रजा असते. ती मिळतेही, परंतु केव्हा मिळेल ते युनिटवरची जबाबदारी ठरवते. माझ्याकडे थिअरीला 75 टक्के आणि प्रात्यक्षिकांना 80 टक्के हजेरी भरल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही, आणि पुढे इंटर्नशिपच्या बारा महिन्यांत मिळून 15 दिवसांचीच रजा आहे. त्यामुळे तो घरी असतो तेव्हा मी वॉर्डात असते, आणि माझी परीक्षा संपून मला चार मोकळे दिवस मिळतात तेव्हा त्याचे युनिट सरावासाठी बाहेर गेलेले असते.

‘त्याची बदली जिथे होईल तिथल्या कॉलेजात नाव घालून घे’ असे सांगणारे नातेवाईक पुष्कळ भेटतात. एका महाविद्यालयातून दुसऱ्या महाविद्यालयात जाण्याची वाट राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2023 च्या नियमावलीने बंद केली आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमालाही तोच नियम लागू आहे, हे त्यांना सांगून पटत नाही. शाळेतून दाखला काढावा तसे हे असते, असा बहुतेकांचा समज आहे.

आता माझे प्रश्न. नीट पी.जी. या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेनंतर शासकीय महाविद्यालयांतल्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात, म्हणजे गुण चांगले मिळाले तर मला त्याच्या पुढच्या पीस स्टेशनजवळची (जिथे कुटुंब सोबत राहू शकते अशा छावणीजवळची) सीट घेता येईल. ती घ्यावी का? दुसरे, त्याची मोठी रजा माझ्या परीक्षेच्या काळात घ्यावी की परीक्षेनंतर? आणि तिसरे विचारायला थोडा संकोच वाटतो, पण तेच सर्वांत जास्त छळते : दोघांचेही दिवस वाईट गेलेले असताना फोनवर एकमेकांना काय आणि किती सांगावे?

बालरोग_निवासी

कृष्णाकाठ, मी एम.डी. बालरोगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि माझा नवरा मेजर आहे. पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर ठाम आहे. सीट नवऱ्याच्या बदलीकडे बघून घेऊ नये. ज्या गावात तुम्ही तीन वर्षे एकटीने नीट राहू शकाल, त्या गावातली घ्यावी.

कारण साधे आहे. एम.डी. तीन वर्षांची असते आणि पीस स्टेशनवरचा मुक्काम साधारण दोन ते तीन वर्षांचा. त्यातला काही काळ तुमचा प्रवेश होण्याआधीच संपलेला असतो, कारण निकाल, प्रवेश समुपदेशनाच्या फेऱ्या आणि प्रत्यक्ष रुजू होणे यांतच बरेच महिने निघून जातात. म्हणजे ज्या एका कारणासाठी तुम्ही परराज्यात गेलात ते कारण मध्येच उठून दुसऱ्या गावी जाते आणि तुम्ही मात्र तिथेच राहता, कारण सीट हलत नाही आणि मध्येच सोडली तर दंड भरावा लागतो. माझ्या एका मैत्रिणीने अगदी याच विचाराने उत्तरेकडची सीट घेतली होती. ती जे.आर. वन, म्हणजे पहिल्या वर्षाची निवासी डॉक्टर, असतानाच त्याच्या युनिटच्या हलण्याचा हुकूम आला. रुग्णाची हिस्ट्री घ्यायची भाषा नवी, माहेर रेल्वेने दीड दिवसावर आणि ताप आला तर पेज करून देणारे कोणी नाही, अशा स्थितीत तिने उरलेली वर्षे काढली. तिने ती उत्तम काढली आणि आज ती फार चांगली डॉक्टर आहे. परंतु हा जो जास्तीचा भार तिने वाहिला, त्यातून दोघांच्या सहवासात काहीच भर पडली नाही, हे तीच सांगते.

आणखी एक गोष्ट लोक लक्षात घेत नाहीत. पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर त्याच शहरात राहणाऱ्या नवऱ्यालाही भेटत नाही. इमर्जन्सीचा दिवस, त्यानंतरची रात्र आणि दुसऱ्या दिवशीचा राऊंड संपवून मी खोलीवर यायची ती थेट अंथरुणावर. तेव्हा तो बाराशे किलोमीटरवर होता की बारा, याने त्या वर्षापुरता तरी फारसा फरक पडला नसता.

रजेबद्दल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना 2023 च्या नियमावलीप्रमाणे वर्षाला किमान 20 दिवसांची पगारी नैमित्तिक रजा, 5 दिवसांची शैक्षणिक रजा आणि आठवड्याची एक सुट्टी आहे. आठवड्याची सुट्टी कामाच्या निकडीवर अवलंबून असते, हे वाक्यही त्याच नियमात आहे आणि वॉर्डात तेच वाक्य जास्त चालते. मंजूर रजेपेक्षा जास्त दिवस घेतले तर तेवढे दिवस अभ्यासक्रम लांबतो. मला खरा उपयोग झाला तो जिल्हा निवासी कार्यक्रमाचा. तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावे लागते, आणि मला जे रुग्णालय मिळाले तिथे रात्रीच्या ड्युट्या आमच्या वॉर्डाच्या मानाने कमी होत्या. विभागात गटवारी ठरत असतानाच मी सरांना कारण सांगून माझे नाव अशा गटात घालून घेतले की ते महिने नवऱ्याच्या वार्षिक रजेशी जुळतील. लग्नानंतर प्रथमच आम्ही रोज संध्याकाळी एका ताटात जेवलो. हे आपोआप घडत नाही. यादी लागण्यापूर्वी मागावे लागते.

परीक्षेच्या तोंडावर मात्र त्याने घरी येऊ नये, असे माझे मत आहे. तो शेजारच्या खोलीत आवाज न करता बसतो, मी पुस्तक उघडून त्याच्याकडे लक्ष देत नसल्याची खंत करत बसते, आणि रजेचेही दिवस जातात व अभ्यासाचेही.

माणदेशी

वरच्या प्रतिसादातल्या शेवटच्या परिच्छेदाशी मी सहमत नाही, आणि त्याचे कारण आमची परिस्थिती वेगळी आहे हे असावे. मी बी.ए.एम.एस. केले, माझे यजमान मराठा लाइट इन्फंट्रीमध्ये हवालदार आहेत, आणि आमचे घर सातारा जिल्ह्यातल्या खेड्यात आहे. आमच्या भागाला फौजेचे नवल नाही. अपशिंगे गावातून पहिल्या महायुद्धात गेलेल्या आणि परत न आलेल्या 46 जणांचे स्मारक आजही उभे आहे. फौजीची बायको कशी वागते ते आमच्याकडे सगळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. फौजीच्या बायकोने शरीररचनाशास्त्राच्या परीक्षेला बसणे मात्र आमच्या गल्लीला नवीन होते.

मुलगा सुट्टीवर आला की सून घरात हवी, हा आमच्याकडचा रिवाज. पाहुणे येतात, देवदर्शने असतात, थांबलेली लग्ने आणि वास्तुशांती त्याच महिन्यात उरकून घ्यायच्या असतात. यजमानांची सुट्टी एकदा नेमकी माझ्या विद्यापीठाच्या परीक्षेत आली. त्यांनी आल्या आल्या सासूबाईंना आणि मामंजींना समोर बसवून सांगितले की या महिन्यात पाहुण्यांकडे मी एकटा जाईन, हिला कोणी हाक मारायची नाही. मी महिनोन्‌महिने आडून आडून सुचवत होते ते त्यांच्या एका वाक्याने झाले. रोज पहाटे ते मोटारसायकलवरून मला परीक्षा केंद्रावर सोडायचे आणि पेपर सुटेपर्यंत फाटकाबाहेर वडाखाली बसून राहायचे. पेपर कसा गेला हे त्यांनी एकदाही विचारले नाही. पाण्याची बाटली पुढे करायचे आणि गाडी चालू करायचे. ती परीक्षा मी पास झाले त्यात त्या रजेचा वाटा मोठा आहे. ज्या घरात विद्यार्थिनीवर घरकामाचा आणि रीतिरिवाजांचा भार असतो, तिथे नवऱ्याने परीक्षेच्याच काळात घरी असणे फार मोलाचे असते.

आणखी एक विनंती. अशा चर्चांत अधिकाऱ्यांच्या घरांचाच विचार होतो. जवानांना आणि हवालदारांना नैमित्तिक रजा 30 दिवसांची असते हे खरे, पण फॅमिली क्वार्टर मागणारे जास्त आणि क्वार्टर कमी, त्यामुळे पीस स्टेशनवर बदली होऊनही प्रतीक्षा यादी संपेपर्यंत कित्येकांची कुटुंबे गावीच राहतात. खाजगी कॉलेजची फी आणि वसतिगृहाचा खर्च एका पगारातून भागवायचा असतो. त्यामुळे ‘कुठली सीट’ हा प्रश्न आमच्याकडे ‘कुठली फी’ असा येतो.

निवृत्त_पलटण

मी पायदळातून निवृत्त झालेला अधिकारी आहे आणि पलटणीची कमान (नेतृत्व) सांभाळताना असंख्य रजेचे अर्ज माझ्या टेबलावरून गेले आहेत, म्हणून पलीकडच्या बाजूने लिहितो.

रजा ही मेहेरबानी नसते, पण ती एका माणसाच्या सोयीने ठरत नाही हेही खरे. कंपनीतून एका वेळी किती जण बाहेर असू शकतात याला मर्यादा असते. त्या मर्यादेत कोणाच्या घरी बाळंतपण असते, कोणाचे वडील रुग्णालयात असतात, कोणाची पेरणी असते, आणि कोणाच्या पत्नीची परीक्षा असते. वर्षाच्या सुरुवातीला रजेचा आराखडा तयार होतो त्या वेळी ज्याने आपली गरज स्पष्ट आणि लेखी मांडलेली असते, त्याचा विचार करणे कमान अधिकाऱ्याला सोपे जाते. अनेक तरुण अधिकारी ‘परीक्षेची नेमकी तारीख आली की सांगू’ म्हणून थांबतात, आणि तारीख येते तेव्हा आराखडा भरलेला असतो. तुमच्या विद्यापीठाच्या परीक्षा उन्हाळी आणि हिवाळी सत्रांत होतात, म्हणजे महिना अगोदरच अंदाजाने माहीत असतो. तेवढा अंदाज कागदावर आधी द्यावा आणि तारीख नंतर कळवावी.

दोन कागद मात्र चुकवू नका. विवाहाची नोंद पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे सैनिकाच्या वैयक्तिक नोंदींच्या लष्करी आदेशात, वेळेवर प्रसिद्ध झाली आहे ना, हे पाहा. आश्रित म्हणून ओळखपत्र, लष्करी रुग्णालयातील उपचार, क्वार्टर हे सगळे त्या नोंदीवर उभे असते. दुसरे, पती फील्डमध्ये असताना ठरावीक स्टेशनांवर कुटुंबासाठी सेपरेटेड फॅमिली निवासस्थानाचा अर्ज करता येतो. तिथेही यादी असते, त्यामुळे पदव्युत्तर प्रवेश ठरताच अर्ज करावा. वसतिगृहात मन रमत नसेल, किंवा आईला अगर सासूबाईंना काही महिने सोबत ठेवायचे असेल, तर ते घर फार कामी येते.

श्रीमती माणदेशी, आपल्या यजमानांनी आईवडिलांना जे सांगितले ते वाचून समाधान वाटले. पलटणीत आम्ही रजेवर निघालेल्या जवानाला तब्येतीच्या आणि प्रवासाच्या सूचना देतो; ही सूचनाही द्यायला हवी.

सागरतळ

कृष्णाकाठ यांच्या तिसऱ्या प्रश्नावर, म्हणजे फोनवर, मला लिहायचे आहे. मी स्त्रीरोग विभागात निवासी डॉक्टर आहे आणि माझा नवरा नौदलात पाणबुडीवर आहे. पाणबुडी समुद्रात गेली की फोन नाही आणि संदेशही नाही. परतीची तारीख त्यालाही नेमकी सांगता येत नाही, आणि सांगता आली तरी त्याने ती सांगू नये हे मला कळते.

फोन हुकणे ही या आयुष्यातली सर्वांत बोचणारी गोष्ट आहे. एकदा प्रसूती कक्षात माझे दोन्ही हात ग्लोव्हजमध्ये होते, बाळाचे डोके दिसू लागले होते, आणि ॲप्रनच्या खिशात फोन थरथरत होता. कोणाचा आहे हे मला कळले होते, कारण ती वेळ तेवढ्याच कारणाने फोन येण्याची होती. बाळ रडले, नाळ कापली, वार पूर्ण पडली का ते पाहिले, टाके घातले, रक्तस्राव थांबल्याची खात्री केली आणि मग फोन काढला. ज्या क्रमांकावरून तो आला होता त्यावर उलट फोन लागत नाही. त्यानंतर आम्ही एक ठरवले. फोन लागला नाही तर त्याने लागलीच व्हॉइस मेसेज ठेवायचा, आणि त्यात ‘तू उचलला नाहीस’ हे वाक्य असायचे नाही. काय खाल्ले, कोण भेटले, झोप झाली का, एवढेच. मीही तसेच पाठवून ठेवते. उत्तराची अट काढून टाकल्यावर बोलणे सोपे झाले.

वाईट दिवसांबद्दल अनेकजणी सांगतात की त्यांना कळू द्यायचे नाही, तिकडे काळजी नको. मला हे पूर्णपणे पटत नाही. लपवलेले आवाजात कळतेच, आणि मग तो माणूस दूर बसून नसलेल्या गोष्टीही कल्पून घेतो. मी घडलेली गोष्ट सांगते आणि त्याने काही करायचे आहे की नाही हेही सोबत सांगते : ‘आज एक माता गेली, मला रडू आले, तू फक्त ऐक.’ काही करायचे नाही हे कळले की त्यालाही ऐकता येते.

मे 2025 मध्ये, ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत, रजा रद्द झाल्या आणि रजेवर आलेले अनेक जण परत गेले. त्या दिवसांत आमच्या वॉर्डात टीव्ही नव्हता हे माझे भाग्य. मी फोनवरच्या बातम्या बंद केल्या आणि ‘काही अधिकृत कळवायचे असेल तर तुम्हीच मला कळवा’ एवढे सासऱ्यांना सांगून ठेवले. ज्या हातांनी रात्री सिझेरियनला मदत करायची आहे, त्या हातांना वाहिन्यांवरच्या आरडाओरड्यापासून दूर ठेवणे मला माझे कर्तव्य वाटले.

टाका_दोरा

मी शस्त्रक्रिया विभागात तिसऱ्या वर्षाला आहे आणि माझ्या घरी गणवेश पत्नीचा आहे. ती सिग्नल्समध्ये, म्हणजे सैन्याच्या संदेशवहन विभागात, अधिकारी आहे. वैद्यकीय सेवेबाहेर स्त्रियांना सैन्यात अधिकारी म्हणून घेणे 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला चालू झाले आणि त्यांना स्थायी कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची सेवा, देण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल फेब्रुवारी 2020 मध्ये लागला. म्हणजे आमच्यासारखी घरे आता वाढत जाणार आहेत, पण ‘जोडीदार सैन्यात’ म्हटले की समोरच्याच्या मनात अजूनही नवराच येतो. ‘बायकोला बदली का मागत नाहीस’ हा प्रश्न मला जितक्या सहज विचारला जातो, तितक्या सहज तो वरच्या एकाही ताईच्या नवऱ्याला कोणी विचारला नसेल.

सर्वांना सुचवला जाणारा एक उपाय इथे अजून आलेला नाही, म्हणून लिहितो : आपणही सैन्य वैद्यकीय सेवेत जावे. त्यासाठी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातूनच शिकलेले असावे लागते असे नाही. नागरी महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. झालेल्यांना वयाच्या 30 वर्षांपर्यंत आणि पदव्युत्तर पदवी असलेल्यांना 35 वर्षांपर्यंत मुलाखतीद्वारे अल्पसेवा कमिशन मिळू शकते. सुरुवातीला पाच वर्षे आणि पुढे वाढवत एकूण चौदा वर्षांपर्यंत. पती-पत्नी दोघेही सेवेत असतील तर एकाच स्टेशनवर ठेवण्याचा विचार होतो. तो विचारच असतो, हक्क नसतो. डॉक्टरलाही फील्ड असते. तुम्हाला ती सेवाच करायची असेल तर अवश्य जावे; केवळ एकत्र राहता येईल म्हणून जाणे मला योग्य वाटत नाही, कारण तिथल्या जवानाला मनापासून तिथे आलेला डॉक्टर मिळायला हवा.

शिक्षण संपल्यावर जोडीदाराच्या मागे फिरायचे असेल, तर विषय निवडतानाच विचार करावा. बालरोग, भूलशास्त्र, रेडिओलॉजी, स्त्रीरोग या विषयांच्या डॉक्टरला बहुतेक गावांत काम मिळते. माझ्यासारख्या शल्यचिकित्सकाला शस्त्रक्रियागृह आणि चमू लागतो, आणि दर दोन-तीन वर्षांनी ओळख शून्यापासून करावी लागते. माजी सैनिकांसाठीच्या ई.सी.एच.एस. पॉलिक्लिनिकांत कंत्राटी डॉक्टर घेतात, तिथे छावणीतल्या अनेक डॉक्टर पत्नी काम करतात. शिवाय दुसऱ्या राज्यात व्यवसाय करायचा तर तिथल्या वैद्यक परिषदेची नोंदणी लागते आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. बदलीचा हुकूम हातात आल्यावर हे सुरू केले तर मधले काही महिने घरी बसण्यात जातात.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री हे सगळे प्रतिसाद मी नवऱ्याला फोनवर वाचून दाखवले आणि आम्ही दोघांनी मिळून काही गोष्टी ठरवल्या. पसंतिक्रमात पुणे आणि मिरज वर ठेवणार, अखिल भारतीय कोट्यातल्या परराज्यातल्या जागा त्यानंतर. माझ्या परीक्षेचा संभाव्य महिना तो येत्या आराखड्यातच लेखी देणार आहे. पार्ट टू ऑर्डरची नोंद झालेली आहे, हेही त्याने लगेच पाहून सांगितले.

रजेबद्दल बालरोग_निवासी आणि माणदेशी या दोघींचेही म्हणणे मला आपापल्या जागी खरे वाटते. माझ्यावर घरकामाचा भार नाही, मी वसतिगृहात राहते, म्हणून मोठी रजा परीक्षेनंतर घ्यावी असे आमचे ठरले आहे. मात्र प्रात्यक्षिक परीक्षेच्या आधी दोन दिवस नैमित्तिक रजेवर आला तर मला हवा आहे. लाँग केस, म्हणजे एका रुग्णाची सविस्तर तपासणी आणि मांडणी, मी त्यालाच फोनवर सादर करते. त्याला वैद्यकातले काही कळत नाही, पण मी पोट तपासताना निरीक्षणाची पायरी गाळून थेट हात लावला की तो बरोबर टोकतो.

एकच विचारायचे राहिले. शासकीय महाविद्यालयातून शिकल्यामुळे माझ्यावर एक वर्षाची बंधपत्रित सेवा आहे, नाहीतर 10 लाख रुपये भरावे लागतील. त्या वर्षाचे काय करावे?

बालरोग_निवासी

पैसे भरू नका, सेवा करा. प्राथमिक आरोग्य केंद्रात एकटीने निर्णय घ्यायला शिकता येते, आणि त्याचा उपयोग निवासी डॉक्टर झाल्यावर पहिल्याच आठवड्यात होतो. जागा निवडताना रेल्वे स्थानकाजवळचे केंद्र मिळते का ते पाहा, म्हणजे त्याची छोटी रजासुद्धा प्रवासात जाणार नाही. रिक्त जागांची यादी लागली की इथेच टाका. त्यातली जी केंद्रे मला माहीत आहेत त्यांच्याबद्दल राहण्याची सोय, रात्रीची सुरक्षितता आणि नेटवर्क कसे आहे ते लिहीन.